खाऱ्या वाऱ्यातले अंगण : दापोलीच्या किनाऱ्यावरील एका फुलबागेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या एका गावात आहे. कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून गावाचे नाव आणि काही घरगुती तपशील गाळले आहेत. जमीन, पाणी, वारा आणि झाडे यांविषयीचे तपशील मात्र होते तसेच ठेवले आहेत.

घर डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या पूर्वेला, पश्चिमेकडे तोंड करून उभे आहे. समोर सुमारे अडीच गुंठ्यांचे अंगण, मधोमध तुळशीवृंदावन, नैऋत्य कोपऱ्यात विहीर आणि रस्त्याच्या कडेने जांभ्याचा गडगा, म्हणजे चिऱ्यांची ठेंगणी भिंत. रस्त्यापलीकडे शेजाऱ्यांची नारळी-पोफळीची आगरे आणि त्यापुढे पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. घरात निवृत्त शिक्षक काका, काकू आणि काकांच्या वृद्ध आई राहतात. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त पुण्यात असतात आणि गणपतीला, होळीला व मे महिन्यात घरी येतात.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तोपर्यंत या अंगणात फुलांचा वेगळा विचार कुणाला करावा लागला नव्हता. गडग्याच्या आत उंडीचे दोन जुने वृक्ष होते, पलीकडे आगरांची दाट भिंत होती, आणि त्यांच्या आडोशाने विहिरीपाशी जास्वंद, न्हाणीघराच्या पाण्यावर अनंत, वृंदावनाभोवती अबोली अशी झाडे आपापल्या परीने वाढत होती. वादळात दोन्ही उंडी उन्मळून पडल्या, एकीने गडग्याचा मोठा भाग पाडला, आणि शेजारच्या आगरांतील बहुतेक पोफळी मोडल्या. सावली गेली, आडोसा गेला, आणि समुद्रावरचा वारा थेट पडवीत येऊ लागला. अंगणाचे हवामानच बदलले होते. परंतु हे त्या वेळी घरातल्यांच्या लक्षात आले नाही, कारण डोळ्यांना दिसत होती ती केवळ रिकामी झालेली जागा.

पहिला प्रयत्न आणि त्याचा परिणाम

गडगा पुन्हा बांधताना या वेळी चिरे सिमेंटमध्ये बसवले गेले. त्यानंतर 2021 च्या गुढीपाडव्याचा मुहूर्त धरून मुलाने घाटावरच्या एका रोपवाटिकेतून कलमी गुलाब, मोठ्या फुलांची संकरित जास्वंद, अनंत, एक्झोरा आणि बोगनवेल अशी रोपे आणली. नव्या गडग्याच्या आतून एक लांब वाफा काढण्यात आला. माती भुसभुशीत व्हावी म्हणून कामावरच्या माणसाने पुळणीवरची वाळू आणून त्यात मिसळली. (किनाऱ्यावरची वाळू काढण्यास सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमांनुसार मनाई आहे, हे घरात कुणाला ठाऊक नव्हते.)

मेच्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. श्रावणापर्यंत गुलाब पूर्ण गेले, अनंत पिवळे पडून वाळले, जास्वंदीची दोन झाडे उभ्या उभ्या कोमेजली, आणि टिकली ती बोगनवेल व एक रोगट एक्झोरा. पुढच्या फाल्गुनात, म्हणजे मार्च 2022 मध्ये, काकांनी मला अंगण पाहायला बोलावले तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता: या पाडव्याला पुन्हा झाडे लावायची, तर कोणती आणावीत?

अडचण नेमकी काय होती

झाडे कोणती हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा होता. आधीची झाडे कशाने मेली हे कळल्याशिवाय नव्या झाडांची यादी करणे म्हणजे पुन्हा नशिबावर हवाला ठेवणे ठरले असते. सुदैवाने काकांनी मेलेली झाडे उपटून टाकली नव्हती, आणि वाळलेल्या झाडांनीच बरेच काही सांगितले.

उरलेल्या एक्झोराची पाने फिकट पिवळी होती, पण त्यांवरच्या शिरा हिरव्या होत्या. लोह कमी पडल्याचे हे ठळक लक्षण आहे. जांभ्याची तांबडी माती लोहाने भरलेली असते. तरीही झाड उपाशी राहिले होते, कारण लोह मुळांना शोषता येण्यासाठी माती थोडी आम्ल असावी लागते. कोकणातील जांभी माती स्वभावतः तशीच असते, आणि म्हणूनच अनंत व एक्झोरा यांना ती मानवते. येथे मात्र वाफा नव्या गडग्याला अगदी चिकटून होता. कुदळीने वीतभर उकरताच सिमेंटचे खडे, गिलाव्याची ढेकळे आणि चुन्यासारखी पांढरट भुकटी वर आली. बांधकामाचा राडारोडा तेथेच पसरून वरून माती टाकलेली होती. त्यात शिंपल्यांचा चुरा असलेली खारट वाळू पडली. आम्ल माती हवी असणाऱ्या झाडांना अशी माती विषासमानच.

जास्वंदीचे वाळलेले झाड मुळासकट काढले तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. घाटावरून आलेल्या रोपाच्या मुळांभोवतीचा मूळ पिशवीतला चिकण मातीचा गोळा जसाच्या तसा होता. भोवती तांबडी भुरभुरीत माती आणि मध्ये हा घट्ट, काळसर गोळा. बोटाने दाबला तर बाहेरून वाळलेला आणि आतून अजून किंचित ओलसर. मुळे त्या गोळ्याबाहेर पडलीच नव्हती. ती आतल्या आत गोल फिरली होती, काळी पडली होती आणि साल ओढताच सुटून येत होती. जून-जुलैच्या संततधारेत आसपासची माती पाणी सोडून देत असताना हा गोळा मात्र पाणी धरून बसला आणि मुळे कुजली. म्हणजे चांगला निचरा होणाऱ्या जमिनीतही हे झाड पाण्यात बुडून मेले होते.

गुलाबांची कथा निराळी. काकूंनी सांगितले की पाने प्रथम कडेने करपली, तीही समुद्राच्या बाजूची, आणि हे वादळानंतर दोन-चार दिवसांत घडले. खाऱ्या वाऱ्याचा हा फटका होता. पाडव्याला लावलेल्या रोपांनी नुकती कुठे पालवी धरली होती. कोवळ्या पानांवर मीठ बसले, आणि वर ऊन तापलेले.

तीन वेगवेगळी कारणे, आणि तिन्ही कारणांना अधिक धार आणणारी चौथी गोष्ट म्हणजे लावणीची वेळ. वसंतात झाडे लावावीत हा विचार थंड मुलुखांतून आलेल्या पुस्तकांत योग्य आहे, कारण तेथे हिवाळा संपून जमीन जागी होते. कोकणात चैत्रानंतर जमीन तापते, विहिरीचे पाणी खाली जाते आणि जूनपर्यंत समाधानकारक पाऊस नसतो. वर्षाचा 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, आणि उरलेले आठ महिने झाडाने साठलेल्या ओलीवर व शिंपण्यावर काढायचे असतात. म्हणून येथे वसंत हा ठरवण्याचा, मोजण्याचा आणि खणण्याचा काळ आहे, लावणीचा नव्हे. हे काकांना पटवणे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत अवघड काम होते, कारण पाडव्याला काहीतरी रुजवावे ही भावना घरात खोल होती आणि ती मलाही मोलाची वाटते. शेवटी पाडव्याला वाफ्यांची पहिली कुदळ मारायची आणि मृगाच्या पावसावर झाडे लावायची, असे ठरले.

पर्याय

मुलाने पुण्याहून एक आराखडा पाठवला होता. मधोमध हिरवळ, कडेने झुडपांची पट्टी, गडग्यावर बोगनवेल. चित्र देखणे होते. पण 100 चौरस मीटर हिरवळीला एप्रिल-मेमध्ये रोज सुमारे 500 लिटर पाणी लागते, आणि नेमके तेव्हाच या घराची विहीर तळाला जाते. शिवाय पावसाळा सरल्यावर अंगण चोपून सारवायचे, मांडव घालायचा, उन्हात सुपारी व आमसुले वाळवायची, ही या घराची रीत अजून चालू आहे. हिरवळ आली की अंगण गेले. काकूंनी हा पर्याय एका वाक्यात मोडीत काढला, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते.

दुसरा पर्याय सगळी झाडे मोठ्या कुंड्यांत लावण्याचा. माती हवी तशी घेता येते आणि वादळाच्या आधी कुंड्या आत ओढता येतात, हे खरे. पण कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागते, आणि सत्तरीकडे झुकलेल्या जोडप्याने डझनावारी कुंड्या आत-बाहेर करणे व्यवहार्य नव्हते.

तिसरा पर्याय काकांचा स्वतःचा: गडगा डोक्याइतका उंच करायचा म्हणजे वारा येणारच नाही. यावर बरीच चर्चा झाली. भरीव भिंत वारा अडवत नाही, वर उचलते. तो भिंतीवरून उसळतो आणि पलीकडे भोवरे घेत खाली येतो, त्यामुळे भिंतीमागच्या झाडांना कधी कधी अधिकच मार बसतो. याउलट अर्धा वारा अडवून अर्धा गाळून सोडणारे जिवंत कुंपण आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करू शकते, आणि मिठाचा बराचसा भाग आपल्या पानांवर झेलते. उंडी आणि पोफळी आजवर हेच करत होत्या.

एक वर्ष काहीच न लावता फक्त कुंपण वाढवायचे, हा चौथा पर्यायही मी मांडला होता. तो मागे पडला तो आजींमुळे. त्या नव्वदीच्या आसपास आहेत. खुर्चीवरून त्या म्हणाल्या, "एक वर्ष थांबा म्हणता, पण देव थांबतो हो का? रोजची परडी रिकामीच नेऊ? रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी बाग करायची तर करा बापडे, माझी जास्वंद मात्र विहिरीपाशीच ठेवा."

यातून आराखड्याचा खरा निकष मिळाला. या घराला फुले हवी होती ती रोजच्या पूजेसाठी, भाद्रपदात चाकरमानी घरी आले की गणपतीसाठी, आणि मे महिन्यात माहेरवाशिणींच्या वेणीगजऱ्यांसाठी. फुलांचा उपयोग आणि महिना ठरला की झाडांची यादी निम्म्यावर येते.

जागेची पाहणी

झाडे निवडण्याआधी अंगण पहारेने तपासले. वाफ्यांच्या संभाव्य जागी हातहातभर अंतरावर पहार ठोकत गेलो. दक्षिणेकडे, विहिरीच्या अंगाला, ती दोन फूट सहज उतरत होती. उत्तरेकडे वीतभरावरच कातळावर आपटून ठण वाजत होती. दिसायला सपाट आणि एकसारखे असलेले अंगण प्रत्यक्षात दोन वेगळ्या जमिनींचे होते. आधीचा लांब वाफा या दोन्हींवरून सरळ रेषेत गेला होता.

दुसरी पाहणी छपरावरच्या पाण्याची. कौलारू छपराचा पश्चिमेकडील उतार सुमारे 60 चौरस मीटरचा आहे. 3000 मिलिमीटर पाऊस धरला तर या एका उतारावरून पावसाळाभरात 1,80,000 लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येते. पागोळ्यांखाली जमिनीत पडलेला लांब चर अंगणात स्पष्ट दिसत होता, तरीही काकूंना मोगरा पडवीच्या अगदी कडेला हवा होता. पागोळ्यांच्या रेषेत वाफा केला तर पहिल्याच महिन्यात माती उखडून मुळे उघडी पडतात. म्हणून ती पट्टी तीन फूट रुंद ठेवून तिच्यात जांभ्याची खडी घालायची आणि पाणी उताराने नैऋत्येकडे, विहिरीपासून थोडे दूर असलेल्या सखल जागी न्यायचे ठरले.

तिसरी पाहणी गावात फिरून केली. समुद्रापासून साधारण तेवढ्याच अंतरावर असलेली, वादळानंतर उघडी पडलेली अंगणे पाहिली. कोणत्या झाडाची समुद्राकडची पाने करपली आहेत आणि कोणत्याची नाहीत, एवढेच पाहायचे होते. तगर, गावठी लाल जास्वंद, पांढरा चाफा, निर्गुडी, अडुळसा, सदाफुली आणि कण्हेर निरोगी दिसली. अनंत फक्त घराच्या आडोशाला होता. गुलाब जवळपास नव्हताच. मला या पाहणीइतके विश्वासार्ह मार्गदर्शन दुसरे वाटत नाही. त्याच वाऱ्यात, त्याच मातीत दोन-तीन वर्षे उभे राहिलेले झाड हे त्या जागेचे प्रमाणपत्रच असते.

माती तपासणीसाठी नमुने दोन वेगळ्या पुड्यांत घेतले: एक अंगणाच्या मधल्या मातीचा आणि एक गडग्यालगतचा. मधला नमुना अपेक्षेप्रमाणे आम्ल निघाला आणि गडग्यालगतचा विम्ल, म्हणजे अल्कधर्मी. विहिरीचे पाणी मार्चमध्ये गोड होते. परंतु किनाऱ्यावरची विहीर मार्चमध्ये तपासून भागत नाही. वैशाखात उपसा वाढला की खाली खारे पाणी शिरते आणि पाणी मचूळ होते. म्हणून मे अखेरीस क्षार मोजण्याच्या छोट्या मीटरने पुन्हा तपासले, तेव्हा आकडा मार्चच्या जवळजवळ तिप्पट आला. या दुसऱ्या तपासणीने यादीत शेवटचा मोठा बदल घडवला.

निर्णय आणि झाडांची निवड

वाफ्यांच्या आकारासाठी काथ्याच्या दोऱ्या जमिनीवर टाकून पाहिल्या. चुन्याच्या रेघा मुद्दाम मारल्या नाहीत. दोऱ्या दोन-तीन दिवस तशाच ठेवून घरातल्यांना नेहमीप्रमाणे वावरायला सांगितले, आणि त्यातूनच कळले की मांडवाच्या दोन मेढी एका वाफ्यात येत आहेत आणि विहिरीवरून कळशी आणण्याची वाट दुसरा वाफा अडवतो आहे. दोन्ही वाफे सरकवले. कागदावर हे कधीच दिसले नसते.

पश्चिमेच्या कडेला, गडग्यापासून चार फूट आत, निर्गुडी आणि अडुळसा यांचे दुहेरी कुंपण आणि दोन टोकांना उंडीची रोपे ठरली. निर्गुडी व अडुळसा पावसात छाटावरून सहज लागतात, खारा वारा सोसतात, आणि मोकाट गुरे त्यांना तोंड लावत नाहीत. कण्हेर या जागी सर्वांत सोपी ठरली असती. खारे वारे, मचूळ पाणी, उन्हाळा, सगळे ती सहन करते. पण तिचे सर्व भाग विषारी असतात आणि पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर जिवावर बेतू शकतात. सुट्टीत घरात लहान नातवंडे असतात. ज्या अंगणात मुले खेळतात तेथे कण्हेर लावण्याच्या बाजूने मी कधीच मत देत नाही, आणि सुनेने हा मुद्दा ऐकताच निर्णय झाला.

कुंपणाच्या आत, खोल मातीच्या भागात, गावठी लाल जास्वंद आणि तगर. त्यांतील एक जास्वंद आजींच्या म्हणण्याप्रमाणे विहिरीपाशी. संकरित जास्वंद नको असे मी सुचवले, कारण तिच्या मोठ्या फुलांना वाऱ्यात टिकणे कठीण जाते, शिवाय फाल्गुन-चैत्रात पिठ्या ढेकणाचा त्रास तिला अधिक होतो असा या भागातला अनुभव आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यात, जेथून वाट जात नाही तेथे, प्राजक्त. सखल जागी सोनटक्का आणि कर्दळ. दोघांनाही ओल प्रिय, आणि सोनटक्का नेमका भाद्रपदात फुलतो. वृंदावनाभोवती अबोली व कोरांटी. मोगरा पागोळ्यांच्या पट्टीबाहेर, पूर्ण उन्हात.

उत्तरेच्या कातळावर खड्डे फोडून माती भरण्याचा विचार काकांनी केला होता, कारण आंब्यासाठी तसे करतात. मला तो पटला नाही. कातळात फोडलेला खड्डा पावसात हौदासारखा भरून राहतो. तेथे मोकळ्या चिऱ्यांचा दीड फूट उंच वाफा रचायचा, चिऱ्यांमध्ये फटी ठेवायच्या, आणि त्यात डोंगरउतारावर आपोआप वाढणारी अंजनी, धायटी व करवंद, पुढे सदाफुली व पावसाळी लिली लावायची असे ठरले. फाल्गुनात अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या फुलांनी मढलेल्या असतात आणि धायटीवर मधमाश्यांची झुंबड असते, हे डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. तरीही अंगणात त्यांना जागा देणारी घरे फार थोडी आहेत. मुलाची बोगनवेल होती तेथेच, या वाफ्याच्या टोकाला, राहू दिली.

अनंत हा खरा पेच होता. काकूंना तो हवाच होता. माती आम्ल, म्हणजे त्याच्या सोयीची. पण मचूळ पाणी आणि खारा वारा दोन्ही त्याला बाधतात. मेच्या तपासणीनंतर तीनऐवजी एकच झाड, तेही घराच्या दक्षिण भिंतीच्या आडोशाला, आणि उन्हाळ्यात त्याला विहिरीचे नव्हे तर नळाचे पाणी, अशी अट घालून तो यादीत राहिला.

अंमलबजावणी

पाडवा 2 एप्रिलला होता. त्या दिवशी पहिली कुदळ पडली. वैशाखात वाफे दीड-दोन फूट खणून तळाशी नारळाची सोडणे, म्हणजे वरची काथ्याची साले, वाटीसारखी खोलगट बाजू वर करून, एका थरात मांडली. ती पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू कुजतात. त्यावर पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, मग माती व शेणखत. जांभ्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) लोहाशी बांधला जाऊन अडकून बसतो, म्हणून खडकी फॉस्फेट मिसळले. आम्ल मातीत ते हळूहळू विरघळते. सोडणे आणि पातेरा दोन्हींमुळे वाळवीची भीती असते. त्यामुळे सोडणे एक रात्र भिजवून वापरली, आणि थर मातीने पूर्ण झाकला जाईल याकडे लक्ष दिले.

वळवाच्या सरींनंतर वाफ्यांत तण उगवले, ते लावणीआधीच काढून टाकता आले. रोपे दापोलीच्या परिसरातूनच, तांबड्या मातीत वाढलेली, घेतली. मृगाचा पाऊस लागून जमीन दोन फूट ओली होईपर्यंत थांबून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून लावणी केली. जास्वंद पाच फुटांवर, तगर सहा फुटांवर. एवढे अंतर पाहून काका अस्वस्थ झाले. फूटभर उंचीची रोपे एवढ्या जागेत हरवल्यासारखी दिसतात, आणि मधे आणखी रोपे घालण्याचा मोह येथेच होतो. त्या मोकळ्या जागेत तेरडा व गुलबाक्षी पेरली, म्हणजे भाद्रपदात गौरीला तेरडा घरचाच मिळाला.

परिणाम

पहिल्या गणपतीत जास्वंद मोजकी होती, पण सोनटक्का आणि तेरडा भरपूर. खरी परीक्षा 2023 च्या मे महिन्यात झाली. सोडणांवरच्या वाफ्यांना आठवड्यातून दोनदा पाणी पुरले. अबोलीची पश्चिमेकडची ओळ करपली, कारण कुंपण तेव्हा जेमतेम कमरेइतके होते. वृंदावनाच्या आडोशाची ओळ टिकली. कातळावरच्या वाफ्यात करवंद व अंजनी जगली, परंतु वाढ अगदी मंद. धायटीची काही रोपे पहिल्याच पावसाळ्यात गेली.

2024 च्या उन्हाळ्यापर्यंत निर्गुडीचे कुंपण माणसाच्या उंचीचे झाले होते आणि अबोली पुन्हा लावता आली. अनंत जिवंत आहे आणि पावसाच्या तोंडावर फुलतो. नळाचे पाणी देण्याची अट काकूंनी कसोशीने पाळली आहे. मोगरा पौषात छाटून, पाणी तोडून, मग खतपाणी देण्याची पद्धत बसल्यावर चैत्रात चांगला येतो. बोगनवेल पावसाळ्यात फुलत नाही, नुसती काटेरी माजते, आणि तिच्या छाटणीचे काम मुलाने स्वतःकडे घेतले आहे.

वानरांचा प्रश्न सुटलेला नाही. ते जास्वंदीच्या कळ्या आवडीने खातात. विहिरीपाशी माणसांचा वावर असल्याने तेथील झाड बरेचसे वाचते. मधल्या वाफ्यातील झाडांची फुले वानरे अधूनमधून लुटतात. तगर त्यांनी अजून सोडलेली आहे, त्यामुळे परडी रिकामी जात नाही.

काय वेगळे करता आले असते

क्रम. कुंपण एक वर्ष आधी लागले असते तर अबोलीची ओळ दोनदा लावावी लागली नसती. आजींच्या शब्दाला मान देऊनही मधला मार्ग होता: पहिल्या वर्षी कुंपण, विहिरीजवळची जास्वंद आणि घरालगतची तगर एवढेच लावून वाफ्यांत नुसता ताग पेरायचा व जमिनीत गाडायचा. जमीनही सुधारली असती आणि परडीही भरली असती. अशाच उघड्या पडलेल्या अंगणासाठी आज कुणी विचारले तर मी हाच क्रम आग्रहाने सांगेन.

गडग्यालगतच्या पट्टीबाबतही निर्णय अधिक स्पष्ट हवा होता. राडारोडा खर्चामुळे पूर्ण काढला गेला नाही. वरचा थर उचलून चार फूट जागा सोडली, आणि काकांनी त्या जागेत पुढच्याच वर्षी एक्झोराची रोपे लावून पाहिली. पुन्हा तीच पिवळी पाने आणि हिरव्या शिरा. ती पट्टी सुरुवातीलाच चिऱ्यांच्या तुकड्यांनी बांधून पायवाट म्हणून घोषित केली असती, तर तेथे झाड लावण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसता. आता ती तशी बांधण्याचे ठरले आहे.

पाण्याची मे महिन्यातील तपासणी मात्र लावणीच्या आधी झाली, आणि त्यामुळे दोन अनंतांचा खर्च व त्यांच्यामागची निराशा टळली. ज्यांना वसंतात आराखडा करायचा आहे, त्यांनी विहिरीचे पाणी मार्चमध्ये आणि पुन्हा मे अखेरीस मोजावे, आणि रोपांची खरेदी त्या दुसऱ्या आकड्यानंतरच करावी. उंडीची दोन्ही रोपे अजून कुंपणापेक्षा बुटकी आहेत. त्यांची सावली पडू लागली की मधल्या वाफ्यातील मोगऱ्याला ऊन कमी पडेल, आणि तो तेव्हा उत्तरेकडे हलवावा लागेल, हे काकांच्या वहीत आजच नोंदवून ठेवले आहे.